अण्णांचा निर्दोष फोन

अण्णांच्या घरून परत आलं की माझ्या फोनला शेंगाचटणीचा वास येत असे. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की ते लगेच हात पुढे करत. पहिल्या वेळी मी तो हातात घेऊन हलवला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाले, "हात नको सर. फोन द्या." भिंतीतल्या कोनाड्यात झाकणाचा एक स्टीलचा डबा होता. एके काळी त्यात चटणी असायची, आता त्यात अण्णांचा फोन असायचा आणि आल्यागेल्याचे फोनही. झाकण दाबून बसवायचं, वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा आणि मग खुर्ची जवळ ओढून म्हणायचं, "हां. आता बोला. आता आपण दोघंच."

"अण्णा, बंद करून खिशात ठेवला तर चालणार नाही का?" मी विचारलं होतं.

"बंद केलेला फोन झोपलाय का झोपेचं सोंग घेतलाय, तुमी आत जाऊन बघितलंय?"

मी बघितलं नव्हतं. त्यामुळे पुढे कधी वाद घातला नाही.

व्यंकटेश अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या एका गल्लीत राहत. घरात तेलुगू आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असे. बोलताना एखादं वाक्य एका भाषेत निघे आणि दुसऱ्या भाषेत पोहोचे. टॉवेलच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं, आधी मागावर आणि नंतर तपासणीच्या टेबलावर. टेबलाची काच, काचेखाली दिवा, वरून टॉवेल सरकत जाणार आणि अण्णा त्यात चूक शोधणार. सापडली की तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची. असं काम आयुष्यभर केलेल्या माणसाने जगाबद्दल बरं बोलावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. "चांगलं काय हाय ते कुणालाबी दिसतंय," ते म्हणत. "मला पगार चूक बघायचा मिळायचा. न्हाय सापडली तर मालक विचारायचा, व्यंकटेश, आज झोप लागली काय?"

माझी त्यांची ओळख वाचनालयातली. मी तिथला ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर अण्णा रोज सकाळी येऊन वर्तमानपत्रं तपासू लागले. वाचू लागले असं म्हणवत नाही. ते पान उजेडाकडे धरत, बोट ओळीवरून सरकवत आणि मधेच थांबून भुवई वर करत. आमच्याकडे 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती मनापासून पाळणारे सभासद म्हणजे अण्णा एकटेच. आत एक शब्द बोलत नसत. सगळा अहवाल बाहेर पायऱ्यांवर, रिक्षा आणि ट्रकांच्या गोंगाटात मिळायचा. "तिसऱ्या पानावर मंत्री हसालाय बघा. कशाला हसालाय ते लिवलेलं न्हाय. लिवलेलं न्हाय म्हंजे काय तरी हाय की."

एकदा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आम्ही 'नियमित वाचक' म्हणून त्यांचा सत्कार ठेवला. आमच्याकडे सत्कार म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ. पाहुणे म्हणून एक पुढारी होते. त्यांनी ग्रंथांवर भाषण केलं आणि भाषणात एकाही ग्रंथाचं नाव येणार नाही याची शेवटपर्यंत काळजी घेतली. मग अण्णांच्या खांद्यावर टॉवेल आला. दुसरा कोणी असता तर हात जोडून खाली उतरला असता. अण्णांनी टॉवेल खांद्यावरून काढला, ट्यूबलाइटसमोर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि पाहुण्यांच्या कानाशी वाकून गुपचूप सांगितलं, "साहेब, ह्यात ताण्याचा उभा दोरा तुटलाय. तुमाला फसवलंय कुणी तरी." हे गुपचूप सांगणं शेवटच्या रांगेत ऐकू गेलं आणि सभागृह पोट धरून हसलं. मला वाटलं, अण्णांनी मुद्दाम केलं. माइक जवळ होता, असंही वाटलं. पुढारी मात्र तेव्हापासून आमच्या कार्यक्रमाला आले नाहीत. त्याबद्दल वाचनालय अण्णांचं ऋणी आहे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी अण्णांच्या घरातलं बोलणं बाहेर फुटत होतं.

त्यांना एक मुलगी, पद्मजा. पुण्यात एका दवाखान्यात नर्स. त्यांच्यात आत्याच्या मुलाचा मुलीवर पहिला हक्क मानायची पद्धत आहे. अण्णांची थोरली बहीण, गल्लीची अक्का, चार घरं सोडूनच राहते. तिचा मुलगा नागेश. पद्मजा लहान असल्यापासून अक्का तिला सूनबाई म्हणूनच हाक मारायची. पद्मजाने मोठी झाल्यावर स्पष्ट नाही म्हटलं. नागेशबद्दल तिची तक्रार नव्हती, पण ज्याच्या पाठीवर बसून आपण लहानपणी घोडा घोडा खेळलो त्याच्याशी लग्न कसं करायचं, असं तिचं म्हणणं. अण्णांना ते पटलं. पण हे अक्काच्या तोंडावर सांगायची छाती त्यांना नव्हती. म्हणून त्यांनी गुपचूप बाहेर स्थळं बघायला सुरुवात केली. एक लग्न ठरलं की अक्काला आपोआप कळेल, हा त्यांचा बेत.

तो बेत दोनदा मोडला. स्थळाची बोलणी घरात व्हायची आणि दोन-तीन दिवसांत मुलाकडच्यांना कोणी तरी कळवायचं, 'मुलगी आत्याच्या घरी दिलेली आहे, कशाला हेलपाटा घालता?' कोण कळवत होतं हे उघड होतं. अक्काचे नातलग वरंगळपासून भिवंडीपर्यंत पसरलेले. पण अक्काला घरातली गोष्ट कळायची कशी? मुलाचं नाव, गाव, येण्याचा दिवस, सगळं बिनचूक. आता हैदराबादचं तिसरं स्थळ आलं होतं. पद्मजाला मुलगा आवडला होता. दोघं फोनवर बोलतही होती. हे स्थळ गेलं तर पोरगी लग्नाचं नाव पुन्हा काढणार नाही, असं अण्णांना वाटत होतं.

अण्णांनी तपासणी सुरू केली आणि त्यांची बोटं फोनवर येऊन थांबली. याला कारण होतं. तो फोन नागेशने दिलेला होता. त्याने नवा घेतला आणि जुना मामाला दिला. देताना 'सगळं सेट करून दिलंय मामा, काही बघायला नको' असं म्हणाला. हे वाक्य अण्णांच्या मनात रुतून बसलं. काही बघायला नको, असं कोणी म्हटल्यावर न बघणारा माणूस तो नव्हता. शिवाय एकदा ते घरात गुडघेदुखीबद्दल बोलले आणि संध्याकाळी फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. मग डबा आला. डबा आल्यावरही गोष्टी फुटतच राहिल्या.

एका सकाळी ते वाचनालयाच्या पायरीवर माझी वाट बघत बसले होते. हातात फोन. "सर, ह्यात काय काय ॲपं हायत, मी ठेवलेली न्हायत. काढायला गेलो तर काढायचं बटणच न्हाय. माझ्या घरात भाडेकरू, आन् मी बाहेर काढू शकत न्हाय?"

"ती कंपनीने घातलेली असतात, अण्णा."

"मग मालक कोण? मी का कंपनी?"

खरं उत्तर 'कंपनी' असंच होतं. फोन आपल्या हातात असतो, पण आपल्याला मिळते ती वापरणाऱ्याची किल्ली. सगळ्या खोल्या उघडणारी किल्ली बनवणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेली असते. ती मिळवायची म्हणजे फोन 'रूट' करायचा. मग आतलं काहीही बघता येतं, काढता येतं आणि मोडताही येतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते स्वतःच शोधून आले होते. नेटवर त्यांना एक ॲप सापडलं होतं. एक बटण दाबा आणि फोनचे मालक व्हा.

मी चष्मा लावून ती वेबसाइट बघितली. हिरवं बटण, त्याच्याखाली त्याहून मोठं हिरवं बटण आणि बाजूला एक लुकलुकणारं तिसरं. बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. फुकट. खाली लाखो लोक खूश असल्याचं त्यानेच लिहिलेलं.

"अण्णा, हा माणूस तुम्हाला फुकट मालकी का देतोय?"

"तेच मी पण इचार केला."

"मग?"

"फोनची कंपनी मला काय द्यायला तयार न्हाय. हा निदान देतो म्हणालाय."

ज्या माणसाने दूधवाल्याच्या मापावर, रेशनच्या काट्यावर आणि पाहुण्यांच्या टॉवेलवर कधी विश्वास ठेवला नाही, तो एका हिरव्या बटणापुढे भाबडा झाला होता. मी बजावून बघितलं. हे ॲप काही जादू करत नाही, म्हटलं. जुन्या फोनच्या कुलपात एखादी फट राहिलेली असते, तिच्यातून आत शिरतं. चोरही तिथूनच शिरतो. अण्णांनी मान हलवली. "वीण सुटली की सुई तिथनंच जाती. पण वीण सुटलीय हे तरी कळतंय न्हवं?"

फोनमध्ये महत्त्वाचं काही असेल तर ते आधी दुसरीकडे ठेवू या, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. दुसरीकडे म्हणजे कुठे, आणि ती जागा कोणाची?

इंग्रजी वाचून दाखवण्यापुरता मी हवा होतो. ॲप उतरवलं तसा फोनने लाल अक्षरांत इशारा दिला, हे अनोळखी ठिकाणचं आहे, यामुळे तुमच्या फोनला धोका होऊ शकतो. मी तो मोठ्याने वाचला. अण्णांचे डोळे चमकले. "बघा सर, नको म्हणालंय! म्हंजे ह्याला भ्या वाटालंय. दाबा."

बटण त्यांनीच दाबलं. पडद्यावर एक चाक फिरू लागलं. फोन तापला. अण्णांनी खिशातला रुमाल काढून त्याखाली घातला, तापलेल्या पोराच्या डोक्याखाली घालावा तसा. चाक मधेच थांबलं, पडदा काळा झाला आणि आम्ही दोघं त्या काळ्या काचेत आपापली तोंडं बघत बसलो. मग फोन सुरू झाला आणि अभिनंदन करू लागला. अण्णा मालक झाले.

त्यानंतर किती तरी दिवस ते वर्तमानपत्रांकडे फिरकले नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून फोनची एकेक खोली उघडून बघत. प्रत्येक ॲप कुठे जातं, कोणाशी बोलतं, काय घेऊन येतं. भिंग घेऊन बसलेला हा माणूस बघून नवे सभासद मला विचारत, आजोबा कसला अभ्यास करतात? मी सांगत, संशोधन. आमच्या विद्यापीठातल्या बऱ्याच संशोधनापेक्षा ते प्रामाणिक होतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

शेवटी निकाल लागला. कंपनीचे भाडेकरू निघाले, अण्णांनी ते एकेक करून बाहेर काढले. नागेशचं म्हणून त्यात सापडलं ते एवढंच: मित्राच्या वरातीचे फोटो आणि जिममध्ये आरशासमोर काढलेलं त्याचं स्वतःचं एक चित्र. ऐकणारं, चोरणारं, अक्काला कळवणारं काही म्हणजे काही नव्हतं. एक नवा भाडेकरू मात्र आला होता. मालकी देणाऱ्या त्या ॲपने किल्लीचं चित्र असलेलं आपलंच एक ॲप आत ठेवलं होतं आणि ते काही केल्या निघत नव्हतं. दर तासाला ते अण्णांना लोन देऊ करायचं. बँकेच्या ॲपनेही उघडायला नकार दिला. हा फोन सुरक्षित नाही, असं ते म्हणू लागलं. "इतके दिवस होता म्हणं," अण्णा म्हणाले. पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं.

फोन निर्दोष निघाला, हेच वाईट झालं. चूक असते तिथे सापडलीच पाहिजे, हा अण्णांचा जन्मभराचा धंदा. फोनमध्ये नाही म्हणजे घरात आहे. आणि घरात होतं कोण? राजम्मावहिनी.

राजम्मावहिनी विड्या वळत. दुपारी सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसत, आणि शेजारी सूप घेऊन कोण बसे? अक्का. दोघी नणंद-भावजया कित्येक वर्षं तशाच बसत आलेल्या. आता अण्णांना ते बसणं नव्या उजेडात दिसलं. ते मला पायरीवर म्हणाले, "सर, मी फोनला डब्यात घातला. डब्यात कुणाला घालायचं होतं, ते आता कळालंय."

त्यांनी वहिनींशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आवाज नाही. हैदराबादचा विषय वहिनींसमोर काढायचा नाही, जेवायला मागे अंगणात बसायचं, पद्मजाला फोन करायचा तो वाचनालयाच्या पायरीवरून. मुलाकडचे लोक येणार तो दिवसही त्यांनी मुलीच्या आईला सांगितला नाही. पद्मजाला हे कळलं तेव्हा तिने तिकडून वडिलांना बजावलं, "नान्ना, आईला न सांगता माझं लग्न ठरणार असेल, तर ठरवूच नका." आता हे स्थळ अक्का मोडणार की अण्णा, एवढाच प्रश्न उरला होता.

मला वहिनींचा काही इतका परिचय नव्हता. पण त्यांच्या हातचा चहा घेतला होता आणि त्या चहात एकदाही कोणाची निंदा नव्हती. अण्णांना समजवावं म्हणून मी एका दुपारी त्यांच्याकडे निघालो. नेहमी मी कामाच्या दिवशी जायचो. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी होती. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि काही तरी चुकल्यासारखं वाटलं. माग बंद होते. एरवी त्या गल्लीत शेजारच्या माणसाला हाक मारायची तर छाती भरून घ्यावी लागते, जमीनसुद्धा खटखटत असते. आज टाचणी पडली तर कळली असती. आणि त्या शांततेत, चार घरं पलीकडून, एक आवाज भाषणासारखा घुमत होता.

"पोराला नोकरी पक्की हाय म्हणालेत! आता ही गोष्ट कुणाला कळता कामा न्हाय!"

अण्णांचा चुलतभाऊ आला होता, आणि अण्णा त्याला गुपित सांगत होते.

आपल्या ओट्यावर अक्का विड्या वळत बसली होती. मला बघून तिने पोतं झटकून पुढे केलं. "बसा की सर. आत्ताच सुरू झालंय."

"हे... रोज असंच?"

"रोज कुटलं? माग चालू असले की काय कळतंय? सुट्टीदिवशी कळतंय. आमी त्या दिवशी टीव्ही लावत न्हाय." मग जरा पुढे वाकून म्हणाली, "मला वाटायचं, मला ऐकवायलाच वरडतोय. तोंडावर सांगायचं धाडस न्हाय, म्हणून असं. मग मीबी म्हटलं, थांब, दाखवते."

मी पोत्यावर बसलो. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. मागांच्या खोलीत आयुष्य घालवलेल्या अण्णांचा कान केव्हाच गेला होता. कामाच्या दिवशी गल्ली त्यांच्याइतक्याच मोठ्याने बोले, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे ते आत गप्प असत आणि बाहेर ट्रक असत. सुट्टीचा दिवस तेवढा शांत. आणि घरातली महत्त्वाची बोलणी करायला अण्णा नेमका तोच दिवस निवडत. फोन डब्यात घालत, तांब्या ठेवत, खुर्ची जवळ ओढत आणि गल्लीला सांगत.

हे अण्णांना सांगायचं कसं? मी सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, सर, तुमाला असं म्हणायला कुणी सांगितलं? मी पद्मजाला फोन केला. ती बराच वेळ हसली. पुढच्या सुट्टीला ती पुण्याहून आली. तिने आत नान्नांजवळ हैदराबादचा विषय काढला आणि मी अक्काच्या ओट्यावर फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून चहा घेत बसलो. मग आत जाऊन अण्णांच्या कानाला तो फोन लावला, आवाज शेवटपर्यंत वाढवून.

त्यांनी ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या. "हा कोण वरडालाय?"

"तुम्ही, अण्णा."

"मी? मी कशाला वरडीन? माझ्यासारखं बोलालाय खरं. एडिट केलाय कुणी तरी."

"पुढे ऐका."

पुढे अक्काचा आवाज होता, फोनच्या अगदी शेजारून: "आता बघा सर, साखरपुडा कुटं करायचा ते काढील." आणि लगेच लांबून, पण स्पष्ट, अण्णा: "साखरपुडा हितं नको! हितं अक्काला कळंल!"

अण्णांनी फोन कानापासून काढला. परत लावला. तेवढाच भाग पुन्हा ऐकला, आणि पुन्हा. टॉवेलवरच्या एखाद्या जागेवरून बोट फिरवावं तसं. मग फोन मांडीवर ठेवून म्हणाले, "गल्लीत सगळ्यांना?"

"सगळ्यांना," पद्मजा म्हणाली.

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"आई सांगत नव्हती का? हळू बोला, हळू बोला म्हणून."

"मला वाटायचं, हिला काय तरी लपवायचंय."

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. हैदराबादचं जमलं. पद्मजा आता तिकडेच असते. अण्णांना कानाचं यंत्र घेतलं, ते त्यांनी आठवडाभर लावलं आणि काढून ठेवलं. लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकण्यापेक्षा त्याचा संशय घेणं बरं, असं त्यांचं मत पडलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. मी भेटायला गेलो तेव्हा दारात उभं राहून सवयीने खिशातला फोन काढला, आणि तो घ्यायला कोणी नव्हतं.

पण अण्णा म्हटलं की मला आठवते ती फोन मांडीवर ठेवल्यानंतरची त्या दुपारची घटका. ते उठले आणि बाहेर ओट्यावर गेले. वहिनी तिथे एकट्याच विडीची पानं कातरत बसल्या होत्या. अण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले. पद्मजा घाईने त्यांच्या मागे गेली. "नान्ना, हळू."

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "ज्यांनी तवा ऐकलं, त्यास्नी हेबी ऐकू दे."

आणि मग आपला आवाज किती आहे हे पुरतं माहीत असताना, आयुष्यात पहिल्यांदा, ते जाणूनबुजून मोठ्याने बोलले. "राजम्मा, मी तुझ्यावर संशय घेतला. चूक माझ्यात होती, आन् मी तुझ्यात बघत बसलो. हैदराबादला तू चल. तू बघ आन् तू ठरव." श्वास घेऊन त्यांनी मान वळवली. "अक्का! तूबी ऐक. पोरगी तुझ्याकडं यायची न्हाय. हे मी तुला तोंडावर सांगायचं होतं, सांगितलं न्हाय. राग धर. पण कुणाला फोन करू नको."

गल्लीतल्या ओट्याओट्यांवरचे हात थांबले होते. अक्का दारात आली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर तिने कोणालाही फोन केला नाही.

सगळे आता वहिनींकडे बघत होते. त्यांनी कातर खाली ठेवली. मागांच्या गोंगाटात ज्यांचा संसार झाला ती माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात, आवाज लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. वहिनींनी मान वर केली आणि नुसते ओठ हलवले. चार-पाच शब्द असतील. त्या शांततेत सगळी गल्ली कान देऊन उभी होती आणि तिला काहीही मिळालं नाही. मी हाताच्या अंतरावर होतो, मलाही नाही. अण्णांनी मात्र ते शब्द शेवटपर्यंत वाचले, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच एखादी गोष्ट परत तपासून न बघता खरी मानली.